पुसलेल्या रिंगा

मला यंत्रातलं फारसं कळत नाही. इथे जे लिहितो आहे ते थोडं नम्रताने सांगितलं, थोडं तिच्या आईने. दोघींचं सांगणं जिथे जुळलं नाही तिथे मी आईचं धरलं आहे. ते बरोबर केलं की नाही, अजून ठरवता आलेलं नाही.

सरळगावहून किन्हवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वाडी आहे. नम्रताचं घर आमच्या घराला लागूनच. तिचे वडील कोंडू भातशेती करतात, आई जनी मुरबाडच्या एमआयडीसीत रबराच्या कारखान्यात जाते. नम्रता आसनगावजवळच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची इंजिनीअर झाली. वाडीतली पहिलीच. ती पास झाली त्या वर्षी कॉलेजात मुलं घ्यायला एकही कंपनी आली नाही. सर आधी म्हणाले, पुढच्या महिन्यात येतील. मग म्हणाले, आता प्रोग्रॅम लिहायचं काम कॉम्प्युटरच करायला लागला आहे, नव्या मुलांना कोण घेणार, तुम्ही दुसरं काहीतरी शिका. ज्यांनी ते शिकवलं त्यांनीच असं म्हणावं, हे तिला फार लागलं.

दोन वर्षं ती घरी होती. शहापूरला एका क्लासमध्ये मुलांना टायपिंग शिकवायची, तेही बंद पडलं. दुपारी माझ्याकडून पुस्तकं न्यायची आणि दोन दिवसांत परत आणायची. वाचलीस का, असं मी कधी विचारलं नाही. विचारायचा धीर होत नसे.

मग तिला काम मिळालं, आणि तेही आईच्याच कारखान्यात.

त्या कारखान्यात मोटरसायकलच्या इंजिनात बसणाऱ्या रबराच्या काळ्या रिंगा बनतात. लहान मुलाच्या बांगडीएवढ्या. प्रेसमधून निघालेली प्रत्येक रिंग एका लांब टेबलावर येते आणि ट्यूबलाइटच्या खाली बसलेल्या बायका ती तपासतात. रिंग दोन बोटांवर घ्यायची, ताणायची, फिरवायची. कुठे चीर आहे का, आत हवेचा फुगा राहिला आहे का, काठाला पापुद्रा आहे का, हे बघून चांगली इकडे, खराब तिकडे. जनी तेच करत होती. मोटरसायकलवाल्यांनी कारखान्याला कळवलं की आता तपासणी कॅमेऱ्याने झालेली हवी. म्हणून पुण्याच्या एका छोट्या कंपनीला कॅमेऱ्याचं मशीन बनवायला सांगितलं. मशीन बनलं तरी त्याला चांगली रिंग कोणती आणि खराब कोणती, ते आधी शिकवावं लागतं. त्यासाठी जागेवर बसणारं माणूस हवं होतं, आणि ते काम नम्रताला मिळालं. कंत्राटावर.

पुण्याच्या कंपनीचे दिपेश सर तिला पहिल्याच दिवशी म्हणाले, "दिवाळीआधी मशीन ट्रायल पास झालं, तर तू परमनंट. पुण्याच्या ऑफिसात. नाही झालं, तर मग मी काही बोलू शकत नाही."

हे तिने घरी सांगितलं, आणि जनीने दुसऱ्या दिवशी टेबलावर सांगितलं. त्यामुळे सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं.

शिकवायची रीत साधी होती. टेबलाच्या टोकाला एक पेटी ठेवली. पेटीच्या आत कॅमेरा आणि दिवा, बाहेर दोन बटणं. बाईने रिंग तपासायची, मग पेटीत ठेवायची आणि चांगली असेल तर हिरवं, खराब असेल तर लाल बटण दाबायचं. फोटो निघायचा. असे हजारो फोटो बघून मशीन आपलं आपण शिकणार. नम्रता काचेच्या केबिनमध्ये पडद्यासमोर बसून ते फोटो नीट येतात का ते बघायची.

पहिल्या दिवशी बारकीने पेटीत डोकं घालून पाहिलं. बारकी धसईची, टेबलावरची सर्वांत तोंडाळ बाई.

"गो जने, तुजी पोर आपल्या पोटावर पाय द्याया आली काय?"

"मॅनेजर बोलले ना, कोनाला काढनार नाय. पॅकिंगला घेनार सगल्यांना."

"पॅकिंगला आदीच बाया मावत नाय. तितं जाऊन काय, एकमेकींना खोक्यात भरायचं?"

सगळ्या हसल्या. जनीही हसली, पण तिचा चेहरा उतरला असावा. कारण बाईजा, जी टेबलावर सर्वांत जुनी, ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "गप गो बारके. पोर आपल्यातली हाय. तिचं पक्कं होतंय तर होऊ दे. माजे डोले तर असे बी चाललेत."

"मी कुटं नाय बोलते," बारकी म्हणाली. "मी आपली इचारते. आन ती बटनं, कनचं दाबायचं ते सांगा बाय, नायतर मी चांगल्या रिंगेला लाल दाबीन."

त्यानंतर कुणी वेडंवाकडं बोललं नाही. या बायकांनी असं का करावं, यावर मी बराच विचार केला आहे. आमच्याकडे एखाद्या मुलीचं लग्न ठरलं की वाडीतल्या बायका न बोलावता जातात. हळद कुटतात, तांदूळ निवडतात. हे कुणाच्या फायद्याचं, कुणाच्या तोट्याचं, असं तिथे कुणी बघत नाही. कदाचित त्यांनी हे कामही तसंच धरलं असेल. कदाचित मी उगाच जास्त अर्थ लावतो आहे.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे सगळं झालं.

प्रेसमधून येणाऱ्या रिंगा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर पांढरी पावडर टाकलेली असते. तपासताना ती कुणी पुसत नाही, तेवढा वेळच नसतो. बोटांना लागते, पदराला लागते, संध्याकाळी बायका घरी येतात तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसतात. पण पेटीत ठेवायची पहिली रिंग जनीने हातात घेतली आणि पदराच्या टोकाने पुसली. आतून, बाहेरून. रबर काळंभोर चमकायला लागलं तेव्हा पेटीत ठेवली.

मी तिला विचारलं होतं, का पुसलीस. ती म्हणाली, "समोर ठेवायची वस्तू. तशीच मलकट कशी ठेवू? पोरीचं नाव गेलं असतं."

त्या वर्षी नम्रताला बघायला दोनदा पाहुणे येऊन गेले होते. दोन्ही वेळा जनीने ओटा सारवला, पितळेचे पेले चिंचेने घासले, माझ्या बायकोकडून कपबशा नेल्या आणि त्याही पुन्हा धुतल्या. दारात कुणी काही बघायला येणार असेल, तर ते पुसून, घासून, नीट करून समोर ठेवायचं, यापलीकडे तिला काही सुचलंच नसतं. बाकीच्यांनाही नाही. जनीने पुसली म्हणून बाईजाने पुसली. बारकीने तर घरून जुन्या धोतराचं फडकं आणलं, ओलं करून घेतलं.

"पोरगी दावताना पावडर लावतात," ती म्हणाली, "हिची पुसतात! लय शिकलेला नवरा हाय वाटतं!"

"काला रंग चालतो का त्याला?" कुणीतरी विचारलं.

"कालाच पायजे बोलतो. पन डाग नको."

असं चाललं होतं. रिंगामागून रिंगा पुसून पेटीत जात होत्या, हिरवं बटण, लाल बटण. पडद्यावर नम्रताला स्वच्छ, रेखीव, काळ्या रिंगा दिसत होत्या. खराब रिंगेवरची चीर तर अशी उठून दिसायची, की बघताच कळावं.

दोघींचं सांगणं जुळत नाही ते इथे. नम्रता म्हणते, "मी एकदा पाणी प्यायला बाहेर आले, तेव्हा आईला पुसताना पाहिलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. चूक माझी." जनी म्हणते, पोर दिवसभर केबिनमधून हललीच नाही, तिने काही पाहिलेलं नाही, तिला सांगायचं आम्हीच विसरलो. एकमेकींसमोरही त्या असंच सांगतात.

भाद्रपद संपेपर्यंत फोटो पुरे झाले. नम्रताने मशीनला आधी न दाखवलेले काही फोटो दाखवून पाहिले. शंभरातल्या नव्व्याण्णव रिंगा मशीनने बरोबर ओळखल्या. दिपेश सर फोनवर म्हणाले, "एवढा स्वच्छ डेटा मला पुण्यातसुद्धा मिळत नाही." हे वाक्य तिने आईला सांगितलं, आईने टेबलाला, आणि बारकीने फडकं वर करून दाखवलं. आधी बघून गेलेल्या वाशिंदच्या स्थळाचा पुन्हा फोन आला. मुलगा तिकडच्याच कंपनीत होता. मुलीची नोकरी पक्की झाली की कळवा, असं म्हणाले. त्या दिवशी कोंडू पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, ट्रायल होऊ दे की. म्हटल्यावर वाटलं, उगाच म्हटलं. पेढा खाल्ला.

ट्रायल दसऱ्यानंतर झाली. खरं मशीन टेम्पोतून आलं. एका बाजूला थरथरणारा वाडगा, त्यात रिंगा ओतायच्या. त्या एकामागे एक काचेच्या फिरत्या चकतीवर येतात, वरून कॅमेरे बघतात, आणि हवेचा झोत रिंगेला उडवतो. चांगली असेल तर हिरव्या डब्यात, खराब असेल तर लाल. मोटरसायकलवाल्यांची दोन माणसं आली होती. मॅनेजरने बायकांना काम थांबवून भिंतीकडेला उभं केलं. नम्रताने दसऱ्याला घेतलेला पंजाबी ड्रेस घातला होता.

दिपेश सरांनी बटण दाबलं. वाडगा थरथरला. प्रेसमधून नुकत्याच आलेल्या रिंगा चकतीवर चढल्या. फुस्स आवाज झाला, पहिली रिंग लाल डब्यात. दुसरी लाल. तिसरी लाल. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. फुस्स, फुस्स, फुस्स. हिरवा डबा रिकामाच होता. लाल डबा भरला आणि रिंगा जमिनीवर घरंगळू लागल्या.

"सगल्या खराब?" बारकी मोठ्याने म्हणाली. "प्रेसवाला पिऊन आला काय आज?"

"गप्प बसा ओ," मॅनेजर म्हणाले.

दिपेश सरांनी मशीन बंद केलं, दिवा तपासला, कॅमेऱ्याच्या काचा तपासल्या, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक पेटीतला, एक आत्ताचा. पेटीतली रिंग न्हाऊन आल्यासारखी होती. आत्ताची पावडरीने पांढुरकी. मशीनने जन्मात पावडर पाहिलेली नव्हती. त्याला तो पांढरा थर म्हणजे दोष वाटत होता.

"नम्रता, फोटो काढताना रिंगा धुतल्या होत्या का?"

नम्रता पडद्याकडे बघत राहिली.

"धुतल्या नाय, साहेब," जनी भिंतीजवळून म्हणाली. "पुसल्या."

"का?"

पदराचं टोक जनीच्या हातात होतं, ते तिने सोडून दिलं.

दिपेश सर माणूस वाईट नव्हता, असं दोघीही म्हणतात. त्यांना आधी हसूच आलं. मग त्यांनी मोटरसायकलवाल्या पाहुण्यांकडे बघितलं आणि ते हसायचे थांबले.

"मंग आता पुसून टाका की मशीनमंदी," बारकी म्हणाली.

"एवढ्या रिंगा कोण पुसणार बाई?"

"आमी."

पाहुण्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं.

पाहुणे चहा पिऊन गेल्यावर नम्रता म्हणाली, "सर, मला थोडे दिवस द्या. सगळे फोटो पुन्हा काढते. पावडरीसकट. या बसतील पुन्हा."

"बसू की," बाईजा म्हणाली. "नाय पुसनार. हात बी नाय लावनार."

दिपेश सर फोन घेऊन बाहेर आवारात गेले. बराच वेळ बोलत होते. आत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. पुण्याने सांगितलं होतं, फोटो नकोत. आता नवी पद्धत आली आहे. कॉम्प्युटरच रिंगांची चित्रं तयार करतो. पावडरीच्या, चिरेच्या, फुग्याच्या, हव्या त्या उजेडातल्या, हव्या तेवढ्या. मशीन त्यावर शिकतं. कुणाला काही ठेवायला नको, बटण दाबायला नको.

"माणसांकडून शिकवून घेतलं की माणसांच्या सवयी आत येतात, असं म्हणतात ते," दिपेश सर म्हणाले. मग जनीकडे बघून म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मावशी."

जनीने लावून घेतलं. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये ती मुलीच्या शेजारी बसली नाही. बारकी आपल्या जागेवरून उठली, नम्रताच्या शेजारी जाऊन बसली, आणि म्हणाली, "माज्या फडक्याचं पानी जास्त झालं आसंल. तुज्या आयेचं कोरडं व्हतं." नम्रता हसली नाही. बारकी मग सरळगाव येईपर्यंत गप्प होती, आणि बारकी गप्प राहिल्याचं बसमधल्या कुणाला आठवत नव्हतं.

मशीन दिवाळीनंतर परत आलं आणि चाललं. चांगलं चाललं म्हणे. नम्रता मला सांगत होती, "आजोबा, ज्या रिंगा कधी बनल्याच नाहीत, त्या बघून ते शिकलं." मी ते समजून घ्यायचा प्रयत्न केला. माझ्याकडच्या पुस्तकांत याबद्दल काही नाही. तिच्याकडे बघून मी मान हलवली. माझ्या मान हलवण्याने तिला काही मिळालं असेल असं वाटत नाही.

तिचं कंत्राट संपल्याचा मेल आला. त्यात तिचे आभार मानले होते. टेबल उचलून शेडच्या मागे ठेवलं. बायकांना पॅकिंगला घेतलं खरं, पण काही आठवड्यांनी निम्म्या बायकांना सांगितलं की काम आलं की फोन करू. बाईजा त्यात होती, जनी होती. बारकीला ठेवलं, आणि ती आपणहून सोडून गेली. बाकीच्या नसताना कुणाला शिव्या घालू, असं म्हणाली म्हणे. आता धसईला भाजी घेऊन बसते. वाशिंदचा फोन आला नाही. जनीनेही केला नाही.

जनीने नम्रताची माफी मागितली असं मला वाटत नाही, आणि नम्रताने तिला दोष दिला असंही नाही. पण त्या घरात एक गोष्ट बदलली. जनी काही पुसताना दिसली की नम्रता उठून आत जायची. म्हणून जनीने तिच्यासमोर पुसणं सोडलं. ताट, फळी, चिमणीची काच, सगळं ती मुलगी बाहेर गेल्यावर करू लागली.

परवा नम्रताची एक मुलाखत होती. ऐरोलीच्या कंपनीची, फोनवरच. आमच्या ओट्यावर रेंज बरी येते म्हणून ती इथे आली. मी माझी चार जाड पुस्तकं एकावर एक ठेवून दिली, त्यांना टेकवून तिने फोन उभा केला. मागे चांगलं दिसावं म्हणून जनी घरून धुतलेली चादर घेऊन आली होती. ती खिडकीला अडकवून झाल्यावर तिने फोनकडे पाहिलं. वरच्या बाजूला कॅमेऱ्याच्या ठिपक्यावर बोटाचा डाग होता. माझाही हात तिकडे गेला असता. जनीचा हात पदराकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने तो हात पाठीमागे धरला.

नम्रताने ते पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली.

फोनमधून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ इंग्रजीत. नम्रताने आम्हाला सांगितलं, चित्र धूसर आहे म्हणते. तिने आईकडे पाहिलं. मग नम्रता म्हणाली, "आये, पूस."

जनीने पदराच्या टोकाने ती काच एकदाच पुसली, गरम भांड्याला हात लावावा तशी, आणि भिंतीकडेला जाऊन उभी राहिली.

प्रश्न सुरू झाले. पडद्यावर नम्रताच्या चेहऱ्याभोवती एक हिरवा गोल होता, ती हलली की तोही हलायचा. ती हळू, नीट उत्तरं देत होती. पलीकडून 'बरं' नाही, 'हं' नाही. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न. मला इंग्रजी वाचता येतं, बोललेलं तेवढं कळत नाही, पण एका प्रश्नाला ती आधीच्या कामाबद्दल बोलली तेव्हा 'क्लीन' हा शब्द मला ऐकू आला, आणि ती थोडी अडखळली.

संपल्यावर आमच्या घरातून चहा यायच्या आत मेल आला. नम्रताने वाचला आणि आईला सांगितलं, "नाही म्हणाले."

"येवड्यात?" जनी पुढे आली. "कोन व्हती ती बाय?"

"बाई नव्हती आये. कुणीच नव्हतं पलीकडे. मशीनच विचारतं, तेच ठरवतं."

जनी त्या फोनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग 'नाय' कोन बोललं?"

नम्रताने फोन पालथा ठेवला. चहा आला, तो कुणी घेतला, कुणी नाही. जनीने खिडकीची चादर काढली, घडी घातली आणि छातीशी धरून उभी राहिली. मी माझी चार पुस्तकं उचलून आत नेली.